जुनं भारीतलं होम थिएटर आणि नवीन डिस्क: काय बदलायचं, कशाला हात लावायचा नाही

पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्यांनी हौसेने मोठं होम थिएटर लावलं, म्हणजे वेगळा प्रोसेसर (डिस्कवरचा आवाज उलगडून स्पीकरनुसार वाटून देणारा डबा), वेगळे पॉवर अ‍ॅम्प, उचलायला दोन माणसं लागतील असे स्पीकर, वर छताला प्रोजेक्टर, त्यांना आता ४के ब्लू-रे डिस्क खुणावायला लागल्या की पहिला प्रश्न हाच पडतो की हे आपल्या सिस्टिमवर चालणार का. विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं, सगळं जुनं झालंय, सगळं बदला. माझं मत असं की सगळं बदलायची वेळ फार क्वचित येते. बऱ्याच वेळा नीट निवडलेला एक प्लेअर आणि एक जादा केबल एवढ्यावर निम्म्याहून जास्त काम होऊन जातं, फक्त आपल्या रिसीव्हरच्या (म्हणजे प्रोसेसर आणि अ‍ॅम्प एकाच डब्यात) मागे नक्की कोणती सॉकेटं आहेत आणि त्यातून काय काय जाऊ शकतं हे माहीत पाहिजे.

आधी काय म्हातारं होतं आणि काय होत नाही ते बघू. स्पीकर आणि पॉवर अ‍ॅम्प यांना फॉरमॅट नावाची भानगड माहीतच नसते, त्यांच्याकडे अ‍ॅनालॉग सिग्नल येतो, तो १९९७ च्या डीव्हीडीतून निघाला की आजच्या ४के डिस्कमधून याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. जुन्या वूफरच्या कडेचा फोम वर्षांनुवर्षांनी कुजतो आणि अ‍ॅम्पमधले कपॅसिटर सुकतात, हे खरं आहे, पण त्या दुरुस्तीच्या गोष्टी आहेत, अपग्रेडच्या नाहीत, आणि फोम बदलून मिळतो. म्हातारा होतो तो प्रोसेसर किंवा रिसीव्हर, कारण त्यात डिकोडर (दाबलेला आवाज उलगडणारे भाग) असतात आणि सॉकेटं असतात आणि ही दोन्ही दर काही वर्षांनी बदलतात. तसाच प्लेअर, आणि तसाच टीव्ही किंवा प्रोजेक्टर.

आता डिस्कमध्ये काय बदललं. डीव्हीडी वाचायला ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर, एका थरात ४.७ जीबी. ब्लू-रे २००६ साली आली तिला ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेसर, लेसर जितका बारीक तितके डिस्कवरचे खड्डे बारीक, म्हणून एका थरात २५ जीबी आणि दोन थरांत ५०. २०१६ साली अल्ट्रा एचडी ब्लू-रे, जिला आपण सरळ ४के डिस्क म्हणतो, ती आली. लेसर तोच, पण एका थरात ३३ जीबीपर्यंत दाबून भरलेले आणि असे तीन थर, मिळून १०० जीबी. शिवाय व्हिडिओ एचईव्हीसी या नवीन कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) आणि कॉपी-संरक्षणही नवीन. त्यामुळे जुना ब्लू-रे प्लेअर कितीही महागाचा असला तरी फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून तो ४के डिस्क वाचायला लागेल असं होत नाही, त्या नादाला लागू नका. उलट्या दिशेने मात्र सोय आहे, ४केचा प्लेअर जुनी ब्लू-रे आणि डीव्हीडी वाचतो.

चित्राच्या बाबतीत लोक पिक्सेल मोजत बसतात. डीव्हीडीत साडेतीन-चार लाख पिक्सेल, ब्लू-रेमध्ये वीस लाखांच्या वर, ४केमध्ये त्र्याऐंशी लाखांच्या आसपास. आकडा मोठा आहे, पण नेहमीच्या बसायच्या अंतरावरून डीव्हीडी ते ब्लू-रे ही उडी जेवढी डोळ्यात भरते तेवढी ब्लू-रे ते ४के ही भरत नाही, आणि बरेच सिनेमे तर आतून २केमध्येच तयार होऊन मग ४केला ताणलेले असतात. खरा फरक पडतो तो एचडीआर (उजळ आणि गडद यांतलं अंतर जास्त दाखवणारं चित्र) आणि रंगांचा. साध्या ब्लू-रेत प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे एकूण १ कोटी ६७ लाख छटा, ४के डिस्कमध्ये १० बिट, म्हणजे शंभर कोटींच्या वर. साधं चित्र साधारण १०० निट (उजेड मोजायचं एकक) धरून बनवतात, एचडीआरचं १००० निट किंवा ४००० निटसुद्धा धरून. आता घरातला प्रोजेक्टर पडद्यावर शंभर निटच्या आसपास किंवा त्याच्याही खालीच असतो, मग हे १००० निटचं चित्र त्यात कोंबावं लागतं, त्याला टोन मॅपिंग म्हणतात, आणि ते कसं केलंय यावर चित्र अंधारं दिसणार की बरं दिसणार हे ठरतं.

तुमचा प्रोजेक्टर जुना १०८०पीचा (साध्या ब्लू-रेएवढ्या पिक्सेलचा) असेल, एचडीआर नसेल, तरी ४के प्लेअर त्याला चालतो, प्लेअर चित्र खाली उतरवून १०८०पी आणि साध्या उजेडात देतो. पण हे रूपांतर यंत्र करतं, आणि ४केच्या खोक्यात बऱ्याचदा सोबत जी साधी ब्लू-रे असते तिचे रंग त्याच उजेडासाठी कुणा माणसाने बसून लावलेले असतात. त्यामुळे अशा प्रोजेक्टरवर मला बऱ्याचदा साध्या ब्लू-रेचंच चित्र जास्त आवडतं. गोम अशी की पुष्कळ सिनेमांचा अ‍ॅटमॉसचा आवाज (छताकडूनही येणारा, पुढे सांगतो) फक्त ४के डिस्कवर देतात, साध्या डिस्कवर नाही. म्हणजे आवाजासाठी एक डिस्क आणि चित्रासाठी दुसरी, असला विचित्र प्रकार होतो. मग चांगल्या प्लेअरमध्ये हे रूपांतर कमी-जास्त करायचं सेटिंग असतं ते वापरून मधला मार्ग काढायचा.

आता आवाज, आणि जुन्या भारी सिस्टिमवाल्यांसाठी खरा मुद्दा हाच.

डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस होते, दोन्हीमध्ये आवाज दाबून, थोडा टाकून देऊन बसवलेला. ब्लू-रेने डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ आणले, ज्यात काहीच टाकून दिलेलं नसतं, स्टुडिओतला मास्टर जसा तसाच बिटन्‌बिट बाहेर येतो. त्यावर मग २०१४ च्या सुमारास घरगुती डॉल्बी अ‍ॅटमॉस आणि २०१५ मध्ये डीटीएस:एक्स, ज्यात वरून, छताकडून आवाज येतो. ब्लू-रेवरचा अ‍ॅटमॉस हा ट्रूएचडीच्या पोटातच असतो, वेगळा ट्रॅक नाही. ज्या रिसीव्हरला अ‍ॅटमॉस कळत नाही तो त्याला साधा ७.१ (सात स्पीकर आणि एक सबवूफर) ट्रूएचडी समजून वाजवतो आणि वरच्या चॅनेलचे आवाज त्या ७.१ मध्येच मिसळलेले मिळतात, काही गायब होत नाही. डीटीएस:एक्सचंही तसंच, जुना रिसीव्हर त्यातला मास्टर ऑडिओ वाजवतो. अ‍ॅटमॉसची डिस्क आणली तर जुन्या रिसीव्हरवर आवाजच येणार नाही अशी जी भीती असते ती बिनकामाची आहे.

तर आता टॉर्च घ्या आणि रिसीव्हरच्या मागे बघा.

एचडीएमआय अजिबात नाही, फक्त ऑप्टिकल आणि कोएक्सियल डिजिटल सॉकेटं आहेत? मग ट्रूएचडी आणि मास्टर ऑडिओ त्यातून जाणार नाहीत, त्या केबलच्या पद्धतीत तेवढी जागाच नाही, ऑप्टिकलमधून एक तर स्टिरिओ पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) जातो नाही तर दाबलेला ५.१, त्यामुळे महागडी ऑप्टिकल केबल घेऊन काही फरक पडत नाही. पण निराश होऊ नका. डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओच्या आत एक साधा डीटीएसचा गाभा असतो, १५०९ केबीपीएसचा, आणि ट्रूएचडीच्या जोडीला डिस्कवर डॉल्बी डिजिटल ठेवलेलाच असतो, ६४० केबीपीएसपर्यंतचा. प्लेअर बिटस्ट्रीमवर (आवाज न उलगडता तसाच पाठवायचं सेटिंग) ठेवला की तो आपोआप हेच बाहेर काढतो. डीव्हीडीवर डॉल्बी जास्तीत जास्त ४४८ केबीपीएस असायचा आणि डीटीएस बहुतेक वेळा ७५४, म्हणजे तुमच्या जुन्या प्रोसेसरला त्याच्या तरुणपणी कधी मिळाला नव्हता इतका चांगला माल आता मिळतो. १५०९ चा डीटीएस आणि बिटन्‌बिट मास्टर यातला फरक सगळ्यांना सहज ऐकू येतो असं जे म्हणतात त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण सबवूफर कोपऱ्यातून दोन फूट सरकवल्याने जो फरक पडतो तो याच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. एकच बघून घ्या, काही स्वस्त प्लेअरला ऑप्टिकल नसतं, फक्त कोएक्सियल असतं.

ऑप्टिकलच्या शेजारी सहा किंवा आठ आरसीए (साध्या गोल अ‍ॅनालॉग) सॉकेटांचा एक गठ्ठा असेल, मल्टिचॅनेल इन किंवा ५.१ इनपुट असं लिहिलेला, तर तो एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या भारी म्युझिक डिस्कच्या काळात दिलेला आहे. हा फार कामाचा. ज्या प्लेअरला ७.१ अ‍ॅनालॉग आउटपुट असतात तो ट्रूएचडी, मास्टर ऑडिओ सगळं स्वतः डिकोड करून या आरसीए केबलींमधून देतो, प्रोसेसरला फॉरमॅट समजायची गरजच उरत नाही. ओप्पोचा यूडीपी-२०५ यासाठी गाजला होता पण ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणंच बंद केलं, पॅनासॉनिकच्या यूबी८२० आणि यूबी९००० ला हे आउटपुट आहेत.

पण या रस्त्यावर खड्डे आहेत आणि ते कोणी सांगत नाही. बहुतेक प्रोसेसर या इनपुटवर आलेला सिग्नल डिजिटल करतच नाहीत, सरळ व्हॉल्यूमकडे पाठवतात, म्हणजे तुमचं रूम करेक्शन (खोलीप्रमाणे आवाज जुळवणं), स्पीकरची अंतरं, ८० हर्ट्झच्या खालचा बास सबवूफरकडे वळवणं, हे सगळं बंद. ते सगळं प्लेअरच्या मेनूत जाऊन करावं लागतं आणि प्लेअरमधल्या या सोयी प्रोसेसरच्या मानाने अगदीच बाळबोध असतात. दुसरी गोष्ट, सबवूफरचा एलएफई (खास खोल आवाजांचा) ट्रॅक डिस्कवर १० डेसिबल खाली धरून ठेवलेला असतो आणि वाजवताना तो वर उचलायचा असतो, डिजिटल सिग्नलला प्रोसेसर हे स्वतः करतो पण अ‍ॅनालॉग इनपुटवर काही प्रोसेसर करतात, काही नाही. सगळं नीट जोडूनही स्फोटाच्या सीनमध्ये दम वाटत नसेल तर स्पीकरला नावं ठेवण्याआधी हे तपासा, मेनूत मल्टिचॅनेल इनपुटसाठी सबवूफर +१० असं काहीतरी असतं.

तिसरा प्रकार, एचडीएमआय आहे पण जुनं. इथे दोन जाती आहेत आणि बाहेरून सारख्याच दिसतात. सुरुवातीच्या काही रिसीव्हरमधलं एचडीएमआय फक्त स्विच म्हणून आहे, चित्र पुढे ढकलतं पण आवाज आत घेतच नाही, अशा रिसीव्हरला ऑप्टिकलवालाच समजा. पण आवाज घेत असेल तर मजा आहे, कारण आठ चॅनेलचा पीसीएम एचडीएमआयच्या पहिल्याच आवृत्तीपासून जातो. ट्रूएचडीचा डिकोडर रिसीव्हरमध्ये नसला तरी प्लेअरच्या सेटिंगमध्ये बिटस्ट्रीमच्या जागी पीसीएम करा, प्लेअर उलगडून देईल आणि रिसीव्हरला तेच आकडे मिळतील जे स्वतः डिकोड करून मिळाले असते. पुढच्या पॅनलवर ट्रूएचडीचा दिवा लागत नाही म्हणून हळहळणारे लोक मी पाहिलेत, दिव्याने आवाज सुधारत नाही. शिवाय हा डिजिटल सिग्नल असल्याने बास मॅनेजमेंट वगैरे बहुतेक रिसीव्हरवर चालू राहतं, म्हणून दोन्ही सोयी असतील तर अ‍ॅनालॉगच्या प्रेमात न पडता हीच वाट धरा.

चौथा प्रकार एचडीएमआय १.३ किंवा १.४ चा, म्हणजे २००६ नंतरच्या पिढीतला, ट्रूएचडी आणि मास्टर ऑडिओ डिकोड करणारा. हा तर आवाजाच्या बाबतीत अ‍ॅटमॉस सोडून कशातच मागे नाही. तरीही ४के प्लेअर त्यातून टीव्हीला जोडला की ४के चित्र येत नाही आणि माणूस रिसीव्हर विकायला काढतो. कारण एचडीसीपी. हे कॉपी-संरक्षण दारावरच्या पहारेकऱ्यासारखं आहे, प्लेअरपासून पडद्यापर्यंत मधल्या प्रत्येक डब्याकडे ओळखपत्र मागतं, आणि ४के डिस्कला २.२ आवृत्तीचंच ओळखपत्र चालतं. जुन्या रिसीव्हरकडे ते नाही, त्यामुळे प्लेअर १०८०पीवर उतरतो, मग पुढचा टीव्ही कितीही नवीन असो.

यावर उपाय इतका सोपा आहे की तो आधी का सांगत नाहीत कळत नाही. दोन एचडीएमआय आउटपुटवाला प्लेअर घ्या. एक केबल सरळ टीव्ही किंवा प्रोजेक्टरला, त्यातून ४के आणि एचडीआर. दुसरं आउटपुट फक्त आवाजाचं असतं, ते जुन्या रिसीव्हरला. चित्राचं आणि आवाजाचं लग्नच मोडून टाकायचं. सोनीच्या एक्स७०० आणि एक्स८००एम२, पॅनासॉनिकच्या वर सांगितलेल्या दोन्ही मॉडेलना अशी दोन आउटपुट आहेत. कधीकधी ओठ आणि आवाज किंचित मागेपुढे होतात, रिसीव्हरमधल्या ऑडिओ डिलेने ते जुळवता येतं. टीव्हीवरून एआरसीने आवाज परत आणायचा विचार असेल तर लक्षात ठेवा की साध्या एआरसीतून ट्रूएचडी येत नाही, त्याला एआरसीची सुधारलेली आवृत्ती ईएआरसी लागतं आणि ते जुन्या रिसीव्हरला नसतं.

ज्यांच्याकडे अजून तीन नळ्यांचा सीआरटी प्रोजेक्टर आहे, फक्त कॉम्पोनंट (अ‍ॅनालॉग चित्राच्या तीन तारांच्या) केबलवर चालणारा, त्यांचं दुखणं वेगळं. ब्लू-रेच्या परवान्याच्या नियमांमुळे २०१० नंतर बनवलेल्या प्लेअरमधून अ‍ॅनालॉग चित्र डीव्हीडीच्या दर्जापर्यंतच मिळायला लागलं आणि २०१३ नंतर बनवलेल्यांवर अ‍ॅनालॉग व्हिडिओ आउटपुटच राहिलं नाही. त्याआधीचा चांगला चालू प्लेअर असेल तर जपा.

केबलबद्दल थोडं. छतातून किंवा भिंतीतून दहा-बारा मीटर जुनी एचडीएमआय केबल गेलेली असते आणि सगळे सांगतात १८ जीबीपीएसची नवीन ओढा. ४के ६० फ्रेमसाठी ते खरं. पण सिनेमा २४ फ्रेमचा असतो, आणि ४के, २४ फ्रेम, ४:२:२ रंग (रंगाची माहिती थोडी कमी करून पाठवणं) एवढ्याला सुमारे ९ जीबीपीएस पुरतात, १०.२ जीबीपीएसची जुनी चांगली केबल ते पेलू शकते. म्हणून आधी प्लेअरमध्ये २४पी चालू करून आणि रंगाचं सेटिंग ४:२:२ ला ठेवून बघा, चित्र लुकलुकत नसेल तर भिंत फोडायची गरज नाही. लुकलुकलंच तर मग ऑप्टिकल फायबरवाली एचडीएमआय केबल, तिला दिशा असते, कोणतं टोक प्लेअरकडे हे बघूनच ओढा, नाहीतर भिंतीतून परत काढावी लागेल.

आता राहिला अ‍ॅटमॉस. छतातले स्पीकर हवेच असतील तर त्यासाठी मात्र नवीन मेंदू लागतो, त्याला पर्याय नाही. पण मेंदूच, बाकीचं शरीर नाही. प्रीआउट (बाहेरच्या अ‍ॅम्पला जोडायची सॉकेटं) असलेला नवीन रिसीव्हर घ्यायचा, पुढचे तीन मोठे स्पीकर जुन्या पॉवर अ‍ॅम्पवरच ठेवायचे आणि रिसीव्हरमधले आतले अ‍ॅम्प छतातल्या चार स्पीकरना द्यायचे, त्यांना फार ताकद लागत नाही. जुने अ‍ॅम्प फक्त एक्सएलआर (तीन पिनांची केबल) घेत असतील आणि रिसीव्हर फक्त आरसीए देत असेल तर मध्ये अ‍ॅडॉप्टर येतो, आणि कॅलिब्रेशन (सगळ्या स्पीकरचा आवाज जुळवणं) पहिल्यापासून करायचं, कारण बाहेरचा आणि आतला अ‍ॅम्प सारख्या आवाजाचे कधीच नसतात. एचडीएमआय २.१ आणि ८के या नावाखाली जास्त पैसे मागतात, गेम खेळत असाल तर ठीक, पण ८केची डिस्क नाहीच, आणि ४के डिस्कला २.० आवृत्ती पुरून उरते, त्यामुळे २०१६ नंतरचा वापरलेला चांगला रिसीव्हर हा माझ्या मते सगळ्यात शहाणा सौदा आहे.

आणि एक सेटिंग, ज्याने भल्याभल्यांना रडवलंय. प्लेअरच्या मेनूत सेकंडरी ऑडिओ किंवा बीडी ऑडिओ मिक्स असं काहीतरी असतं, मेनूतल्या बटणांचे टिकटिक आवाज आणि कॉमेंटरी मिसळण्यासाठी. हे चालू असेल तर प्लेअर मूळ बिटस्ट्रीम जशीच्या तशी सोडत नाही, अ‍ॅटमॉस, ट्रूएचडी काहीच रिसीव्हरपर्यंत पोचत नाही आणि काही प्लेअरमध्ये ते कारखान्यातूनच चालू येतं. ते आधी बंद करा.

जुने प्लेअर लगेच काढून टाकू नका. लेझरडिस्कवरचा (डीव्हीडीच्या आधीची मोठी डिस्क) डॉल्बी डिजिटल आरएफ सॉकेटमधून यायचा आणि ते सॉकेट नवीन रिसीव्हरवर कुठेच नाही, एचडी डीव्हीडी (ब्लू-रेची जुनी प्रतिस्पर्धी डिस्क) तोशिबाने २००८ मध्ये सोडून दिल्यापासून ती नवीन प्लेअरवर चालत नाही, ३डी आणि एसएसीडी सगळे ४के प्लेअर वाजवत नाहीत. डीव्हीडी आणि ब्लू-रेला रिजनची (एका भागातली डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेअरवर न चालण्याची) कटकट होती, ४के डिस्क मात्र रिजन-फ्री असतात, कुठूनही मागवा.

कुठल्या क्रमाने घ्यायचं असं कोणी विचारलं तर मी प्लेअर आधी म्हणेन, आणि फार लांबवू नका, कारण ओप्पोनंतर सॅमसंग आणि एलजीनेही हा धंदा सोडला, चांगल्या प्लेअरची यादी दरवर्षी आखूड होतेय. आणल्यावर पहिलं काम फर्मवेअर अपडेट, नवीन डिस्क कधीकधी जुन्या फर्मवेअरवर उघडतच नाहीत. सिनेमा मध्येच एका ठिकाणी अडकला तर घाबरून प्लेअर परत करू नका, तीन थरांच्या डिस्कला बोटांचे डाग किंवा कारखान्यातून आलेला चिकटपणा अजिबात खपत नाही, मऊ ओल्या कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही, आणि पूर्ण सुकल्यावर परत लावा.